रात्री दोन ते चार

महिन्याला साठ जीबी.
पश्चिम फॉकलंडच्या या टोकाला आभाळातून एवढंच उतरतं,
आणि तेही लोकरीपेक्षा महाग.
आज एकोणीस तारीख. उरलेत सात.

मी वहीत लिहिते, गठ्ठे लिहिते तशीच:
इश्बेलची शाळा, चार.
ड्यूगलचे मेंढ्यांचे लिलाव, दोन. तो म्हणतो एक.
टीव्ही न विचारता स्वतःला अद्ययावत करत बसला, साडेतीन.
त्याचा प्लगच काढला.
नव्या फ्रीजलाही इंटरनेट हवं होतं.
म्हटलं, बाबा रे, तू नुसता गार राहा.

तरी साडेनऊचा मेळ बसेना.
कुठंतरी पाणी मुरत होतं.

राउटरच्या यादीत सगळ्यांना नावं आहेत, मीच ठेवलेली.
एकालाच नव्हतं.
नुसती अक्षरं, आकडे, मध्ये दोन-दोन टिंबं.
रात्री दोनला जागं व्हायचं, चारला निजायचं.
आलेखात दिवसभर सपाट माळ,
आणि पहाटेआधी एक टेकडी,
माथा सुरीने कापल्यासारखी.

मी इश्बेलला धरलं. चौदा वर्षांची पोर,
दुसरं कोण जागणार त्या वेळी?
ती काहीच बोलली नाही. दार आपटलं.
ते दार तेव्हापासून नीट लागत नाही.

मग एका रात्री एक वाजता मी पासवर्ड बदलला
आणि शेगडीत पीटचा तुकडा सारून
स्वयंपाकघरात अंधारात बसले.
चोराला भूक लागली की तो येईल.

दोन वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं.

एलेउतेरियो. मेंढ्या कातरायला आलेला, चिलीचा.
बाहेर वारा पत्रे उचकटत होता
आणि हा नुसत्या मोज्यांवर, हातात फोन.
'सेन्योरा,' म्हणाला, 'लवकर.'
का, ते विचारलं असतं. त्याचा चेहरा पाहून
आधी अक्षरं सांगितली. त्याची बोटं दोनदा चुकली.

चित्र आलं ते तुकड्या-तुकड्यांनी:
किएयोनमधली एक खोली. एक खाट. खाट रिकामी.
मग कोपऱ्यात एक म्हातारा, वाकून
रबरी बूट चढवताना. डावा उजव्यात.

'पापा,' हा म्हणाला, अगदी हळू,
'समुद्र अजून उठला नाही. बसा.'
म्हाताऱ्याने छताकडे पाहिलं, मग भिंतीकडे.
बसला.

चाळीस वर्षं दोनला होडी सुटायची.
होडी विकली, पाय विसरले नाहीत.
भाऊ नोल्बेर्तो रात्रपाळीला, साल्मनच्या कारखान्यात.
म्हणून हा इथून राखण करतो, चारपर्यंत.
चारनंतर त्यांना वाटतं, आज उशीर झाला,
आणि ते झोपतात.

जुना पासवर्ड त्याला कोणी दिला होता
ते त्याने सांगितलं नाही.
मला कळलं.

त्या रात्री यादीत त्याचं नाव घातलं.
वेग मात्र कमी केला:
खाट दिसेल एवढा, चेहरा नाही.
घर चालवायचं म्हणजे असंच,
दयेलाही मापात ओतायचं.
ड्यूगलने विचारलं, सापडलं का?
म्हटलं, टीव्ही होता.

तरी सत्तावीसला कोटा संपला.
वरचा विकत घेण्याइतके पैसे त्या महिन्यात नव्हते,
किंवा होते, आणि मी कातरणीचा हिशोब आधी पाहिला.
चार रात्री.
एलेउतेरियो रोज शंभरावर मेंढ्या कातरत राहिला,
एकीच्याही कातडीला ओरखडा नाही.
त्या चार रात्रींचं मी विचारलं नाही.
तोही बोलला नाही.

एक तारखेला दोन वाजता उठले,
अंगावर शाल ओढून पडद्यासमोर बसले.
माळ. माळ. माळ.
दोन वाजून तीन मिनिटं.
मग टेकडी, बुटकी, मी ठरवून दिलेल्या उंचीची.

मी परत निजायला निघाले.
इश्बेलच्या दाराखालून उजेड येत होता.
दाराला नवी बिजागरी लावायची आहे.
बाहेर थोडी उभी राहिले.